तीन कोटेशनं

आमच्या घरात साधा मिक्सर आला तरी तीन कोटेशनांशिवाय येत नाही. माझा नवरा सिप्रियन इथे आखातात, रास अल खोरला एका केटरिंग कंपनीच्या परचेसमध्ये आहे. कांद्यापासून कढयांपर्यंत प्रत्येक वस्तूचे तीन भाव मागवायचे, तक्ता करायचा आणि सगळ्यात स्वस्ताला ऑर्डर द्यायची, ही त्याची नोकरी. घरी मात्र तो छाती पुढे काढून म्हणायचा, "कंपनीला लोएस्ट. माझ्या मुलीला कधीच नाही." आणि खरंच, रोशेलची पहिली सायकल त्याने तिन्हींतली महागातली घेतली होती.

बारावीत रोशेलने अमेरिकेतली छोटी कॉलेजं शोधून काढली, तेव्हा तक्ता होणारच होता. मला तर आधी रागच आला. ज्या कॉलेजचं नाव आमच्या गावी वसईत कुणी ऐकलेलं नाही, तिथे मरायला जायचं कशाला?

"मम्मा, ओन्ली एटीन हंड्रेड स्टुडंट्स. द प्रोफेसर्स अ‍ॅक्च्युअली नो यू," ती म्हणाली.

इथल्या शाळेत तिच्या वर्गात छत्तीस मुलं. हजेरी सोडली तर कुणा टीचरने तिला नावाने हाक मारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मी हट्ट सोडला.

महिनाभर तक्ता जेवणाच्या टेबलावर होता. मेन, ओहायो, आयोवा, तीन राज्यांतली तीन कॉलेजं. एका वर्गात मुलं किती, थंडी किती, चर्च किती लांब, बायॉलॉजीबरोबर इतिहास घेता येतो का. सुरुवातीला नाक मुरडणारा सिप्रियन पुढे इतका रमला की भात वाढला तरी लक्ष नाही.

"विल्मा, आयोवावाल्यांच्या वर्गात बारा मुलं! आपल्या प्रभूचे शिष्यसुद्धा बाराच होते."

रोशेलचा जीव त्या आयोवावरच जडला. अर्ज तिने स्वतः भरले, निबंध लिहिले. पैशांचं पान तेवढं आमच्यावर सोडून ती चर्चच्या गाण्याच्या प्रॅक्टिसला गेली. लॅपटॉपवर पिवळी चिठ्ठी लावून गेली होती: सफा मॅडमनी सांगितलंय, फीसाठी मदत हवी का विचारलंय तिथे 'येस' करा. सफा मॅडम म्हणजे शाळेतल्या काउन्सिलर.

आता माझी नोकरी सांगते, म्हणजे कळेल. आम्ही राहतो त्या इंटरनॅशनल सिटीत, आमच्याच बिल्डिंगखाली टायपिंग सेंटर आहे, तिथे मी अठरा वर्षं लोकांचे व्हिसाचे फॉर्म भरते. या देशात फॉर्मवर कमतरता लिहायची नसते. पगार कमी, घर लहान, असं दिसलं की अर्ज परत. आणि सिप्रियनच्या धंद्याचा नियम असा की गरज दाखवली की समोरचा चढून बसतो. त्यात मदत मागणाऱ्या परदेशी मुलांना जागा कमी मिळतात, हे त्याच्याच तक्त्यात लिहिलेलं.

"वर्षाला तीन लाख दिरहॅम, म्हणजे बहात्तर लाख रुपये," तो पुटपुटला. "येस करू?"

"वेडा आहेस का? भिकेचा कटोरा घेऊन दारात उभं राहिलं तर आत कोण घेईल? आधी सिलेक्शन होऊ दे, मग भाव कर." मी स्क्रीनवर बोट ठेवलं. "इथे. नो."

त्याने 'नो' केलं. तिन्ही ठिकाणी. चिठ्ठी मी चुरगळून टाकली.

मार्चमध्ये मेन आणि ओहायोने नाही म्हटलं. आयोवाने घेतलं. रोशेल रडली, हसली, प्राध्यापकाने तिच्या निबंधाबद्दल लिहिलेल्या दोन ओळी तिने पाठ केल्या. त्याच दिवशी सिप्रियनने कॉलेजला मेल टाकला, सप्लायरला टाकतो तसा: कृपया आपला शेवटचा आणि सर्वोत्तम भाव कळवावा.

दोन दिवसांनी उत्तर आलं, अगदी सभ्य. अर्जाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना चारही वर्षांत मदत मिळू शकत नाही. हा नियम त्याच पानावर होता. आम्ही वाचला नव्हता.

रोशेलने मेल वाचला आणि मान वर केली.

"हू टिक्ड नो?"

सिप्रियनने माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदाच.

"मी," तो म्हणाला.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. हात त्याचा होता, अक्कल माझी होती. मी भांडी आवरत राहिले. ती आदळआपट करील असं वाटलं होतं, पण ती खोलीत गेली आणि दार हळूच लावून घेतलं. त्यानंतर ती बापाशी कामापुरतंच बोलते, आणि माझ्या कुशीत येऊन रडते. तिच्या केसांवरून हात फिरवताना मला माझीच किळस येते.

आयोवाची पूर्ण फी आम्हाला झेपणारी नव्हती. मे महिन्यात सिप्रियनने नवा तक्ता केला. इथल्याच तीन कॉलेजांचा. लायब्ररी, बस, वर्गातली मुलं, सगळे रकाने भरले होते. पेन घेऊन तो तिच्यासमोर बसला.

"बेटा, बघ तरी. हे तिसरं थोडं महाग आहे, पण..."

तिने कागदाकडे पाहिलंही नाही.

"जस्ट टेक द लोएस्ट, डॅडी."

तो पेन उघडून कागदाकडे बघत राहिला. तीनच तर आकडे होते, पण त्यातला कमी कुठला ते त्याला दिसेना. शेवटी मीच बोट ठेवून दाखवलं.