नमुने किमान तीस

आमच्या खात्यात काहीही विकत घ्यायचं तर ते आधी यादीत यावं लागतं. खुर्च्या, डांबर, गाड्यांचे टायर यांची यादी वेगळी. माझ्याकडे आहे ती संशोधन आणि अभियांत्रिकी सेवांची. आम्ही रस्ते, पूल, बोगदे सांभाळतो, पण पूल का हलतो आणि दरड कुठं कोसळणार हे आम्हाला कळत नाही. ज्यांना कळतं त्यांना बाहेरून आणावं लागतं. पुढच्या वर्षी कुणाला, कुठल्या कामाला, कुठल्या तिमाहीत आणायचं, याची यादी बारा वर्षं मी करतेय. पहिल्या पानावर ठळक अक्षरात छापलेलं असतं, 'ही यादी केवळ अंदाजासाठी आहे. यातील कोणतेही काम होईलच असे समजू नये.' हे वाक्य माझंच. त्याबद्दल साहेबांनी माझं चारचौघांत कौतुक केलं होतं.

गेली चार वर्षं त्या यादीत एक काम आहे. 'जुन्या बोगद्यातील हवेचा व तेथील कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास.' त्या बोगद्यात माझा दादा काम करतो. भिंतींवरची आणि दिव्यांवरची काजळी धुणाऱ्या गँगचा तो मुकादम. एकोणीस वर्षं झाली. शेजारून गाड्या धूर सोडत जात असतात आणि हे लोक पिवळे कोट घालून, लांब दांड्याचे ब्रश घेऊन भिंती घासत असतात. त्या धुरातली निम्मी काजळी कुणाच्या छातीत जाते हे सांगायला संशोधक कशाला हवा? पण हवा. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. आमच्या खात्यात लागतो, आणि तोही निविदा काढूनच आणावा लागतो.

दादाच्या छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की धुळीधुराचं काम ताबडतोब बंद करा. खात्यानं उत्तर दिलं, बोगद्याची हवा वाईट असल्याचा पुरावा नाही, तेव्हा हलकं काम देता येत नाही. आपण होऊन नोकरी सोडली तर पेन्शन बुडते. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. मात्र अभ्यास झाला आणि हवा वाईट निघाली, तर बोगद्यात पंखे बसवायचे आणि अख्ख्या गँगची बदली उघड्या रस्त्यावर करायची, असं वरून लेखी आलेलं आहे. म्हणजे दादाचा श्वास माझ्या यादीतल्या एका ओळीवर टांगलेला होता.

रविवारी मी त्याच्याकडे जायचे. तो मांडीवर उशी घेऊन पुढं वाकून बसलेला असायचा. तसं बसलं की छाती जरा मोकळी होते म्हणे.

"काय साहेबीण," तो विचारायचा, "आमची हवा... कितवी लागली यंदा?"

पूर्वी हा माणूस बोलायला लागला की थांबायचा नाही. आता एकेक वाक्य दोन हप्त्यांत यायचं. मी म्हणायचे, "आहे यादीत. चौथ्या तिमाहीत धरलंय." आणि वहिनींच्या हातचा चहा पिऊन घरी यायचे. मला खरंच वाटायचं की मी त्याच्यासाठी काहीतरी करतेय.

आमच्या शाखेच्या साहेबांना सगळे 'तूर्तास' म्हणतात. माणूस वाईट नाही, पण कुठल्याही कामावर त्यांचा एकच शेरा: तूर्तास राहू द्यावे. दर वर्षी मी बोगद्याचं काम पुढं करायचे.

"निकडीचा दर्जा काय आहे याचा?" ते विचारायचे.

"क."

"मग अ करा ना."

"अ ला अपघाताचा दाखला लागतो, साहेब."

"अपघात झालाय का?"

अपघात झाला नव्हता. बोगद्यात कुणी मरत नाही. माणसं आजारपणाची रजा टाकून घरी जातात आणि घरी मरतात. घरं आमच्या खात्याच्या हद्दीत येत नाहीत. मग साहेब शेरा मारायचे, आणि मी ते काम नव्या वर्षाच्या यादीत नवा क्रमांक देऊन चढवायचे. नवा क्रमांक मिळाला की काम पुन्हा त्या वर्षाचं होतं. ही सोय मीच काढली होती. आमच्याकडे एकही काम जुनं नाही, असं आम्ही दर अहवालात लिहितो.

यंदा कशी कोण जाणे, माशी शिंकली नाही. एका धरणावरच्या पुलाचं मोठं काम ऐनवेळी गळलं आणि पहिली तिमाही रिकामी पडली. रिकामी तिमाही म्हणजे नाचक्की. साहेबांनी स्वतः मला बोलावलं. "मॅडम, ते तुमचं बोगद्याचं आहे ना, ते घाला. फॉर्म तयार आहे का?"

फॉर्म चार वर्षं तयार होता. मी त्यावरची फक्त तारीख बदलली. त्या दिवशी ऑफिसातूनच दादाला फोन केला. यंदा पहिल्याच तिमाहीत लागलं म्हणून सांगितलं. मग वहिनी फोनवर आल्या. "ताई, ते रडताहेत," म्हणाल्या, "काय झालं?" मला सांगता सांगता हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी इतकं हलकं वाटलं होतं.

निविदेला एकाच संस्थेचं उत्तर आलं. त्यांच्या संशोधक बाई दोन पेट्याभर यंत्रं घेऊन आल्या. बोगद्याच्या तोंडाशी गँगची पत्र्याची शेड आहे, तिथं आम्ही गेलो. आत ब्रश, पाण्याचे पाईप, खिळ्यांना अडकवलेले पिवळे कोट. बरेच कोट बरेच दिवस कुणी घातलेले नव्हते, त्यांच्या घड्या तशाच कडक राहिल्या होत्या. दादा रजेवर होता तरी आला होता. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. माणसं ओळीनं उभी होती आणि थट्टा चालली होती की, आधी कुणाची हवा काढणार.

बाईंनी हजेरीचं पुस्तक मागितलं. दहा वर्षांहून जास्त काळ बोगद्यात काम केलेले किती, हे त्यांनी बोट ठेवून मोजलं. मग परत मोजलं.

"सव्वीसच आहेत," त्या म्हणाल्या.

"हो," दादा म्हणाला. "होते एकेचाळीस. चार वर्षांमागं." बाकीचे पंधरा कुठं गेले ते त्यानं सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. त्यांनी पिशवीतून आमची अटींची प्रत काढली.

"इथं लिहिलंय, नमुने किमान तीस."

"चारांनी काय फरक पडतो?" मी म्हटलं. "नव्यांतले चार घ्या."

"दहा वर्षांची अट आहे. नवे सगळे वर्षाच्या करारावर आहेत." त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. "मला सव्वीस पुष्कळ आहेत हो. पंधरा असते तरी मी केलं असतं. दहाच्या खाली गेलं तर मात्र काही सिद्ध होत नाही. पण मी सव्वीसांवर अहवाल दिला तर तुमचंच खातं अट मोडली म्हणून तो नाकारेल. मागं एकदा पोळलेय मी. हा तीस आकडा कुठून आणलात?"

"तज्ज्ञांचा सल्ला होता," मी म्हणाले.

तज्ज्ञ कसले नि सल्ला कसला. चार वर्षांपूर्वी ऑनलाइन फॉर्म भरताना 'नमुन्यांची किमान संख्या' हा रकाना रिकामा सोडता येईना. शेजारच्या खिडकीत एका पुलाच्या काँक्रीटच्या तपासणीचा फॉर्म उघडा होता. त्यात तीस होतं. पुलाला तीस ठिकाणी भोकं पाडून काँक्रीट काढायचं होतं. मी तो आकडा उचलला आणि इकडं टाकला. जेवायची सुट्टी व्हायची होती आणि मला भूक लागली होती. तेव्हा एकेचाळीस माणसं होती, तीस सहज बसत होते, म्हणून नंतर कधी तिकडं लक्षच गेलं नाही. दर वर्षी माणसं कमी होत गेली आणि मी तारीख तेवढी बदलत गेले. शेडमध्ये त्या सव्वीस जणांपुढं उभी राहून मी खोटं बोलले, आणि दादा माझ्याकडं अभिमानानं बघत होता.

बाईंनी पेट्या उघडल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग माझं तोंड बघून त्यांनी चष्मा काढला. "काँक्रीट," ते म्हणाले. "अरे देवा."

"साहेब, आकडा दुरुस्त करू. नुसतं तीसचं वीस करायचं. एक शुद्धिपत्रक काढलं की झालं."

"अट बदलली की काम बदललं, मॅडम. काम बदललं की नवीन काम. नवीन काम म्हणजे नवी यादी. हा नियम मी केला का?"

नियम मीच टाइप केला होता. चतुर ठेकेदारांनी मागाहून अटी बदलून घेऊ नयेत म्हणून केलेला नियम होता तो, आणि चांगला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली त्यानं, एवढंच.

"चार वर्षं लागली साहेब याला."

"शुक्रवारपर्यंत पुढच्या यादीचा फॉर्म द्या," ते म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्याचाच मला संताप आला. "आणि या वेळी आकडा खात्रीचा पाहिजे. काम होईल तेव्हा नक्की हजर असतील तेवढेच लिहा, जास्त नाही. खाली तुमची सही लागेल. परत फजिती नको. हे सध्याचं... तूर्तास रद्द."

रजा टाकून मी दुपारीच दादाकडं गेले. तो खाटेवर, मांडीवर उशी. मी आल्या आल्या सांगून टाकलं. "दादा, तो तीस माझा होता. एका पुलाच्या फॉर्मवरून उतरवला. तुमचं काम माझ्यामुळं गेलं."

त्यानं मान वर केली. शिव्या देईल असं वाटलं; दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्याला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, वहिनी धावत आल्या, पाणी झालं, पाठ चोळून झाली.

"म्हणजे आपण," तो धापा टाकत म्हणाला, "पुलालाही... कमी पडलो."

"हसू नका हो," वहिनी म्हणाल्या. त्या माझ्याकडं न बघता आत गेल्या.

मी पर्समधून फॉर्म काढला. खरं तर मला त्याच्या पाया पडायचं होतं, पण मी काढला तो फॉर्म. बारा वर्षांची सवय. "शुक्रवारी द्यायचाय. किती लिहू? काम होईल तेव्हा नक्की हजर असतील तेवढे लिहायचे आहेत. दहाच्या खाली चालत नाही."

"कधी होईल काम?"

"काय सांगू?"

"मागच्या वेळी चार लागली. तेवढीच धर." त्यानं उशी नीट केली आणि डोळे मिटले. गँगमधला एकेक माणूस त्याला तोंडपाठ. कोण किती खोकतो, कुणाला जिना चढवत नाही, कोण दोन वर्षांत निवृत्त होणार, सगळं. "लंबू राहील. त्याला काय होत नाही. पेंटर... राहील. दोघं साडू. नाही, धाकटा धर. थोरल्याच्या खोकल्यात रक्त पडतंय." तो बोटांवर मोजत होता. मधेच थांबायचा, एखाद्या बोटावर अंगठा तसाच ठेवायचा आणि मग पुढं जायचा. कुणाला सोडलं ते सांगत नव्हता. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

मी पेन घेऊन बसले होते. पंधरा वर्षं, अठरा वर्षं बरोबर काम केलेली माणसं तो एकेक करून वेगळी काढत होता, तीही माझ्या एका रकान्यासाठी. मला ओरडावंसं वाटत होतं की पुरे कर. पण दहा तरी भरू देत, दहा तरी भरू देत, असंही मनात चाललं होतं. त्याची लाज अजून वाटते.

"शिट्टीवाला. दहा. आणि सायकलवाला." त्यानं डोळे उघडले. "अकरा. भरले."

मीही मनात त्याच्याबरोबर मोजत होते. अकरांत तो नव्हता.

"आणि तू?" मी म्हटलं. "तुला धरून बारा."

"मला नको धरू."

"दादा."

"अगं, खात्रीचा पाहिजे ना आकडा? बारा लिहिशील, आणि एक कमी भरेल. परत त्यांचं काम अडेल." त्यानं दम घेतला. आवाज रागाचा नव्हता, गँगला काम वाटून देतानाचा होता. "अकरा लिही. जा मग, आजच, ऑफिस बंद व्हायच्या आत दे."

मी अकरा लिहिले. 'वरील आकडा खात्रीचा आहे' असं खाली छापलेलं होतं. तिथं मी सही केली.