मैदानावर न आढळलेला गोलपोस्ट

विषय : महाविद्यालयाच्या मैदानावर उभ्या असलेल्या, परंतु स्टॉक रजिस्टरमध्ये नसलेल्या गोलपोस्टांच्या जोडीबाबत.

संदर्भ : कु. तन्वी शिर्के, बी.एस्सी. शेवटचं वर्ष, व इतर चौदा विद्यार्थिनींचा अर्ज, आवक दिनांक ९ सप्टेंबर.

वरील विषयाला अनुसरून निवेदन करतो की, त्या जोडीतला उत्तरेकडचा गोलपोस्ट तो मीच. या अर्जावर माझं म्हणणं कोणी मागवलेलं नाही. ज्याच्याबद्दल कागद फिरतो त्याला विचारायची पद्धत कोणत्याच कार्यालयात नसते, त्यामुळे माझी तक्रार नाही. फक्त हकिगत सांगतो.

माझा जन्म १९७२ सालचा, ग्वाल्हेरात हजीरा भागातल्या एका वेल्डिंगच्या दुकानातला. त्याआधी मी एका कापडगिरणीत वाफेचा पाइप होतो. गिरणीनं मला भंगारात काढलं आणि कॉलेजचे क्रीडाशिक्षक दौलतसिंह सर यांनी उचललं. चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच, असं माप त्यांनी दिलं तेव्हा वेल्डर चक्रावला. “साहब, इतना बड़ा दरवाज़ा? और दीवार कहाँ है?” सर म्हणाले, “दीवार नहीं है, चौकीदार देंगे एक।”

तो चौकीदार म्हणजे गोलकीपर. पहिला गोलकीपर शिवाजीराव, शिंदे की छावनी या वस्तीतला. घरात पिढ्यान्‌पिढ्या फौजेच्या गोष्टी ऐकलेला पोरगा, त्यामुळे साधा सरावसुद्धा किल्ला लढवल्यासारखा खेळायचा. चेंडू मला लागून बाहेर गेला की हात वर करून टाळ्या घ्यायचा. आत गेला की मला लाथ मारायचा. पुढे मी पुष्कळ गोलकीपर पाहिले. या बाबतीत सगळे सारखेच.

सरांनी आम्हांला जमिनीत कायमचं पुरलं नव्हतं. लोखंडी नळ्या पुरून त्यांत आमचे पाय बसवले होते, म्हणजे पावसाळ्यात काढून व्हरांड्यात ठेवता यावं आणि गंज चढू नये. माणूस फार पुढचा विचार करणारा. हीच सोय आमच्या मुळावर आली.

पंचवीस वर्षं संघ खेळला. एकदा विद्यापीठाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि एका गोलनं हरला. सामना आमच्याच मैदानावर होता आणि तो गोल माझ्यातून गेला, हे मी मान्य करतो. त्या पराभवाची जबाबदारी आजवर दुसऱ्या कोणी घेतल्याचं ऐकिवात नाही.

१९९५ च्या मार्चमध्ये कॉलेजचा वार्षिकोत्सव ठरला. मोठे पाहुणे येणार, तर स्वागतद्वार हवं. प्राचार्यांना मैदानावरचे आम्ही दिसलो. “दोन तयार गेट उभी आहेत की! उपटा, कापड गुंडाळा, झेंडू लावा.” माझा जोडीदार सायकल स्टँडपाशी गेला आणि मी मुख्य दारात. जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगावर हार चढले. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

त्याच दिवशी वर्षाअखेरची सामानाची तपासणी निघाली. दोन प्राध्यापक आणि त्यांच्यासोबत रजिस्टर घेऊन भांडारलिपिक मुकुंदराव. पाटणकर बाजारामागं राहणारे. आपण कधी खोटी नोंद केली नाही, हे सगळ्यांना माहीत असूनही ते अधूनमधून सांगत. तिघे माझ्याखालून मैदानाकडं गेले. एका प्राध्यापकांच्या टकलाला माझा झेंडू लागला. त्यांनी तो झटकला.

मैदानावर चार भोकं होती. मुकुंदरावांनी वाचलं : गोलपोस्ट, एक जोडी. ठेवण्याची जागा, मैदान.

“अहो मुकुंदराव, आत्ताच त्यांच्या खालून आलो ना आपण?” टकलू प्राध्यापक म्हणाले.

“सर, ते स्वागतद्वार. रजिस्टरात गोलपोस्ट आहे आणि जागा मैदान लिहिली आहे. मैदानावर आहे का?”

“नाही.”

“मग मी ‘आहे’ कसं लिहू? उद्या कोणी विचारलं तर?”

पलीकडं चहा निवत होता. मुकुंदरावांनी सुंदर अक्षरात लिहिलं, ‘मौके पर नहीं पाए गए’. खाली त्यांनी आणि दोघा प्राध्यापकांनी सह्या केल्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही आपापल्या भोकांत परत आलो. पण परत आलेल्या वस्तूची नोंद कुठल्या रकान्यात करायची, हे कोणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षीच्या समितीनं मागच्या वर्षी सापडलेल्याच वस्तू तपासल्या, कारण न सापडलेल्या तपासायच्या कशाला? तिसऱ्या वर्षी आम्हांला रीतसर अपलेखित केलं, म्हणजे कागदावरून खोडलं. दौलतसिंह सरांनी पत्रावर पत्र लिहिलं. उत्तर आलं, ‘जो सामग्री उपलब्ध नहीं है, उसके खेल हेतु मैदान आरक्षित करना संभव नहीं।’ ते पत्र त्यांनी मला टेकून उभं राहून वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं आणि शिट्टी न वाजवताच सराव संपवला. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. १९९८ च्या माहितीपत्रकात खेळांच्या यादीतून फुटबॉल गेला. मुलांनी विचारलं तर “अगले साल” असं सांगण्यात आलं. ते सांगणं अजून लागू असावं.

त्यानंतर मला रंग लागला नाही, कारण नसलेल्या वस्तूला रंग मंजूर होत नाही. माझ्यावर वसतिगृहाच्या चादरी वाळल्या, निवडणुकीचे फलक टांगले गेले, क्रिकेटवाल्यांनी माझा डावा पाय स्टंप म्हणून वापरला. एकदा भंगाराचा लिलाव झाला. भंगारवाल्यानं मला थोपटून पाहिलं. “ये दोनों भी चढ़ा दूँ?” बाबू म्हणाला, “ये लिस्ट में नहीं हैं। हमारे नहीं हैं।” “तो किसके हैं?” यावर बाबूनं इकडंतिकडं पाहिलं आणि गाडीचं फाटक लावायला सांगितलं. ज्या नोंदीनं मला मारलं, तिनंच असं वाचवलं.

गेल्या वर्षी जुलैत तन्वी आली. मोबाइलवर सामने बघून शिकलेली, पण पाय खरा. आधी तिघी होत्या, दिवाळीपर्यंत पंधरा झाल्या. चादरी बाजूला सारून खेळायच्या. यंदा विद्यापीठाच्या मुलींच्या स्पर्धेत उतरायचं त्यांनी ठरवलं. प्रवेशिकेवर प्राचार्यांनी लिहून द्यायचं असतं की कॉलेजच्या स्टॉकमध्ये गोलपोस्ट आहेत. तन्वी भांडारात गेली. तिथल्या गरिमा मॅडमनी रजिस्टर उघडलं.

“बेटा, रजिस्टर में तो हैं ही नहीं। लिखकर कैसे दे दूँ?”

“मॅम, खिड़की से दिख रहे हैं!”

“दिखने से क्या होता है?”

जुनं रजिस्टर शोधून तन्वीनं ती नोंद काढली आणि नोंदीखालच्या मुकुंदरावांच्या सहीवरून त्यांचं घर गाठलं. चार दिवसांनी मुकुंदराव मैदानावर आले. वय चौऱ्याहत्तर, हातात काठी. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.

“आजोबा, उभे आहेत ना?” तन्वी म्हणाली.

“उभे आहेत.”

“मग तुम्ही ‘नहीं पाए गए’ का लिहिलंत?”

“त्या दिवशी जागेवर नव्हते. मी खोटं लिहिलेलं नाही.”

“पण तुम्हाला ते गेटवर दिसले होते? सच सच सांगा.”

मुकुंदरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “नोंद जागेची असते, बाळ.”

“मी नोंदीचं नाही विचारत, आजोबा. दिसले होते की नाही? माझं लास्ट इयर आहे. यंदा नाही खेळलो तर मी परत कधीच कॉलेजकडून नाही खेळणार. तुमचं बरोबर होतं, ओके. पण त्यामुळं टीम बंद झाली ना?”

मागं कोणीतरी चेंडू मारला. तो माझ्या आडव्या दांड्याला लागला आणि गिरणीच्या पाइपाचा जाडसर आवाज मैदानभर गेला. मुकुंदराव दचकले.

“दिसले होते,” ते म्हणाले. “हार घातलेले. मी खालूनच गेलो. घरी जाऊन बायकोला सांगून हसलोसुद्धा.” मग म्हणाले, “दौलतसिंहांना नाही सांगू शकलो. कागद आण.”

चेंडूच्या पिशवीवर वही ठेवून त्यांनी हिंदीत निवेदन लिहिलं : मार्च १९९५ च्या तपासणीच्या दिवशी सदर गोलपोस्ट महाविद्यालयाच्या आवारातच होते, मी ते स्वतः पाहिले होते आणि माझी नोंद चुकीची होती. ‘चुकीची’ या शब्दापाशी पेन थांबलं होतं. तन्वीला वाटलं शाई संपली. ती दुसरं पेन पुढं करू लागली तेव्हा त्यांनी मान हलवली आणि शब्द पुरा केला. अक्षर आता थरथरतं, पण वाचता येतं.

ते निवेदन आम्हांला पुन्हा नोंदवण्याच्या अर्जाला जोडलं आहे. प्राचार्यांनी १२ तारखेला त्यावर ‘नियमानुसार कार्यवाही’ असा शेरा मारला. गरिमा मॅडमनी टिपण लिहिलं की, खोडलेली वस्तू पुन्हा नोंदवायची तर तपासणी समितीनं ती प्रत्यक्ष पाहायला हवी. समिती नेमली गेली. एक सदस्य परवा येऊन मला पाहून गेले, हातसुद्धा लावला. दुसरे रजेवर आहेत. एकट्याच्या सहीनं तपासणी पुरी होत नाही.

वाचकहो, मला रंग नको, हारही नकोत. तुमच्यापैकी कोणी अशा समितीवर असाल तर जागेचा रकाना वाचण्याआधी एकदा मान वर करून बघा, इतकीच विनंती.

मुली रोज संध्याकाळी येतात. तन्वी सध्या उजव्या कोपऱ्यात, दांड्याखाली चेंडू घालायचा सराव करते. दहातले सहा आत जातात.

प्रवेशिका पोचण्याची शेवटची तारीख २६ सप्टेंबर. आज २४. दुसरे सदस्य २७ ला रुजू होणार आहेत. अर्ज प्रलंबित आहे.