करंगळीवरचा अंगुस्ताना

मित्रांनो, माझ्या अंगावर शेकडो बारीक खळगे आहेत. त्यांना हसू नका, मला राग येतो. शिवताना सुई बोटात घुसू नये म्हणून बोटावर पितळी टोपी घालतात ना, तोच मी, एक म्हातारा अंगुस्ताना. सुई घसरू नये म्हणून हे खळगे. मोठ्या कामाचे आहेत!

चिपळूणच्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटातून मी पहिल्यांदा जग पाहिलं. दाभोळची सावित्री तेव्हा नवी नवरी होती. तिने मला मधल्या बोटावर चढवलं आणि मी असा नेमका बसलो, की दुकानदारही हसला. तीस वर्षं आम्ही चोळ्या, झबली, गोधड्या शिवल्या. खाडीवरून वारा यायचा, सुई खाली-वर व्हायची आणि मला गुंगी यायची. "सावित्रीचा टाका शोधून दाखवा," असं लोक म्हणत. त्या कौतुकात थोडा वाटा माझाही होता बरं का!

पुढे संधिवाताने सावित्रीची बोटं वाकडी झाली. मी चढेना. एके दिवशी तिने मला बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. आत तुटकी बटणं, गंजलेल्या टाचण्या आणि अंधार. किती वर्षं झोपलो, देव जाणे. स्वप्नात मी कापडाच्या लाटांवर तरंगत असे.

झाकण उघडलं ते गेल्या श्रावणात. समोर आठ वार लोकरी कापड पसरलं होतं, हिरव्या-निळ्या चौकड्यांचं. सावित्रीची मुलगी वेदिका स्कॉटलंडमध्ये नर्स आहे. तिथल्याच कॅलम नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षात, दाभोळलाच. तिकडे नवरदेव किल्ट नेसतो, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घेर. कॅलमच्या आईने त्यासाठी हे कापड घेऊन ठेवलं आणि बिचारी शिवण्याआधीच वारली. वेदिकाने ते इकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी, "आई, तूच शीव. त्याला तुझ्या हातचा हवाय."

बोटांचं दुखणं लेक परदेशी गेल्यावर सुरू झालेलं, ते सावित्रीने तिला कधी सांगितलंच नव्हतं. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? ती कापडावरून हात फिरवत रडत बसली.

तिचा नवरा भिकाजी दारात उभा होता. चाळीस वर्षं जहाजावर काढलेला, रागाचा पक्का. त्याने दापोलीचं स्थळ पाहून ठेवलं असताना वेदिकाने आपलं आपण जमवलं, म्हणून अकरा महिने लेकीशी अबोला. तिचा फोन वाजला की हा उठून खाडीच्या धक्क्यावर! पण बायकोचं रडणं त्याला बघवेना.

"आण गो ती सुई इकडे," तो गुरकावला. "तू सांग, मी घालतो टाके. पोरीसाठी नाही हां, तुझ्यासाठी."

"अहो, आठ वार आहे!"

"मग काय झालं? तुझ्या लुगड्यापेक्षा एक वार कमीच की!"

मी त्याच्या करंगळीलाच कसाबसा बसलो. करंगळीने सुई ढकलणारा शिंपी मी जन्मात पाहिला नव्हता! पहिले चार दिवस पिठाच्या रिकाम्या पिशवीवर नुसता धावदोरा. दोऱ्याला तो जहाजावरची गाठ मारी आणि ती ओढली की कापडाला भोक पडे. "होडी बांधायचीय का तुम्हाला?" सावित्री हसे. मग हळूहळू टाके लहान झाले. चौकडीवर चौकडी जुळवून निरी धरायची, कच्च्या टाक्यांनी टाचायची, मग पक्की शिवायची. दुपारभर दोघं पडवीत बसत. ती बोटाने दाखवी, तो टाका घाली. मला पुन्हा ती जुनी गुंगी येऊ लागली.

दीड महिन्याने किल्ट तयार झाला. सावित्रीने फोनवर तो लेकीला दाखवला. भिकाजी सवयीने चपला घालून धक्क्याकडे निघालाच होता.

"आई, निऱ्या पुढे घातल्यास?" वेदिका म्हणाली. "किल्टला निऱ्या मागे असतात गो. पुढे सपाट."

अरे देवा! लुगडं नेसण्यात सावित्रीचा जन्म गेलेला. निऱ्या कुठे घ्यायच्या, हे कोणी विचारतं का? कापडाची दोन्ही टोकं सपाट ठेवायची, तीच यांनी निऱ्यांनी भरली आणि पाठीचा मधला भाग कोरा सोडला. नुसता फिरवून नेसावा, तर उघडी टोकं मागे येणार!

भिकाजी उंबऱ्यातून मागे फिरला. त्याने फोन हिसकावलाच.

"मागे? अगो, मग माणूस बसणार कसा? आणि आधी सांगायला काय झालं होतं? दीड महिना बोटं टोचून घेतली मी!"

पलीकडून हळूच, "बाबा? तुम्ही शिवलात?"

"मग कोण? आईची बोटं बघितलीस कधी? चमचा धरवत नाही तिला."

वेदिका रडायला लागली. भिकाजी गडबडून गेला. "रडू नको गो. उसवतो मी. उसवायला कितीसा वेळ लागतोय!"

चार दिवस लागले. पुढे रोज संध्याकाळी फोन तांब्याला टेकवून ठेवलेला असे. पलीकडून वेदिका निऱ्या मोजी, इकडे भिकाजी टाके घाली. धक्क्यावर जाणं राहूनच गेलं.

लग्नात कॅलम घामाने निथळत होता, पण किल्ट सोडीना. मागची एक निरी जरा वाकडी आहे. ती तो सारखी हाताने चाचपून बघत होता, आणि भिकाजी ते लांबून बघत होता.

आता मी वेदिकाच्या खिडकीत असतो. बाहेर धुकं असतं आणि मला दाभोळची स्वप्नं पडतात. मित्रांनो, तुमच्या घरी एखाद्या डब्यात माझ्यासारखा कोणी पडला असेल, तर झाकण उघडा. चिंचेने घासा, बोटावर चढवा. टाका चुकला तर उसवा, त्यात लाज कसली?

मी इथे कसा आलो, ते सांगायचं राहिलंच. पाहुणे निघाले तेव्हा भिकाजीने मला करंगळीवरून काढलं आणि वेदिकाच्या तळव्यावर ठेवलं.

"तुझ्या आईचा आहे. काळा पडू देऊ नको." मग खाली बघत तो म्हणाला, "आणि फोन करत जा. मी उचलीन."