कोरडी लादी

सिस्टरने साहेबांची पापणी उलटवली आणि सलाइनची धार सोडली.

"नुसतं पाणी काय मारताय? डॉक्टरांना बोलवा!"

"डॉक्टर आले तरी पाणीच मारतील. मान हलवू नका."

साहेबांच्या खिशावर 'सुरक्षा अधिकारी' असा चकचकीत बिल्ला होता. कारखान्यात कॉस्टिक सोड्याची नळी फुटली, तेव्हा गॉगल त्याच खिशात होता. सिस्टरला नवल वाटलं नाही. असले बिल्ले तिने बरेच पाहिले होते.

दाराशी त्यांना घेऊन आलेला हमाल उभा होता. कमरेपर्यंत भिजलेला, बाहीने डोळा पुसत. नुकत्याच पुसलेल्या लादीवर त्याचं पाणी ठिबकत होतं.

"ए, साहेबासाठी रडायचं तर बाहेर जाऊन रड."

हमाल बाहेर गेला. पुढे-पुढे करणाऱ्यांची तिला शिसारी यायची.

"त्याला सोडणार नाही मी," साहेब म्हणाले. "मानगूट धरून नळाखाली दाबलं मला! डोळे धुवायचं नवंकोरं बेसिन. सरकारी तपासणीपर्यंत प्लास्टिक काढायचं नाही, असा माझा लेखी आदेश होता. टराटरा फाडलं त्याने."

"किती वेळ दाबलं?"

"वीस मिनिटं! सगळ्यांसमोर!"

सिस्टरने पापणीच्या आत लाल लिटमसची पट्टी टेकवली. कॉस्टिक उरलं असतं तर ती निळी पडली असती. लालच राहिली.

डॉक्टरांनी येऊन यंत्रातून पाहिलं.

"नजर शाबूत आहे. जागेवर धुतला म्हणून. नाहीतर बुबुळाची गारगोटी झाली असती. कुणी धुतला?"

साहेबांनी चाचपून बिल्ला तेवढा सरळ केला.

सिस्टर बाहेर आली. हमालाला बाहेर घालवून पाऊण तास उलटला होता. बाक रिकामा होता. हमाल भिंतीला टेकून उभा होता. बाही अजून डोळ्यावरच.

"बसला का नाहीत?"

"बाक भिजेल."

"अहो, हात काढा बघू."

डोळा लालबुंद होता, उघडतच नव्हता.

"तुमच्याही उडालं?"

"तेव्हाच. पण बेसिनला नळ एकच आहे ना, सिस्टर. नंतर लगेच साहेबांना न्यायला गाडी आली."

तिने पट्टी टेकवली. पट्टी क्षणात निळी पडली.

दंडाला धरून तिने त्याला आत नेलं. साहेब अजून टेबलावरच आडवे होते, डॉक्टरांना कारखान्याच्या तपासणीची तारीख सांगत.

"उठा," ती म्हणाली.