बेचाळीस किलोची मावशी

अगं बायांनो, आधी हसू नका, ऐका तर! माझी मावशी परवा बेचाळीस किलोची निघाली. हो, तीच, जी दारात उभी राहिली की खोलीतला उजेड कमी होतो.

थांबा, पहिल्यापासून सांगते.

मावशी शिलाईकाम करते, माहितीये ना. घराची पुढची खोली हेच दुकान. दिवसभर दुसऱ्यांच्या कमरा मोजायच्या. तर एका गिऱ्हाईक बाईने तिला फोनवर जाहिरात दाखवली. बारीक व्हायचं इंजेक्शन, दर महिन्याला बर्फाच्या पाकिटांसकट घरपोच! मावशीने कुणाला सांगितलं नाही की सवरलं नाही, फोनवरच अर्ज भरला, कार्डाचा नंबर दिला नि मोकळी झाली. खोका आल्यावर मात्र टरकली. जन्मभर कापडात सुई घातलेली, पोटात कशी घालणार? म्हणून खोका उचलून आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, "तुमच्या पित्ताशयात खडे आहेत, विसरलात? याला हातसुद्धा लावायचा नाही."

मावशीने त्याच दिवशी अ‍ॅपवर बंद करायचं बटण दाबलं. पण बंद होतंय कुठे! पुढच्या महिन्यात पुन्हा खोका, पुन्हा पैसे कापले. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. चॅटवर तक्रार लिहिली की उत्तर ठरलेलं, 'आम्हाला तुमची काळजी आहे! पुढच्या खोक्यावर सवलत हवी का?' मावशी फोनवर डाफरायची, "काळजी आहे तर खिसा का कापतोस, मेल्या?" आणि काका फ्रीजचं दार उघडून उभे, "अगं, टोमॅटो कुठे ठेवू? या औषधाने बारीक व्हायचं सोडून फ्रीजच फुगलाय."

आम्ही सगळे हसायचो, पण मावशी हसत नव्हती. कापडाच्या कडा शिवायचं ते ओव्हरलॉकचं मशीन आहे ना, ते हप्त्यावर घेतलंय. हप्ता जातो त्या कार्डाच्याच खात्यातून. खोक्यांपायी मागचा हप्ता चुकला, आणि दुकानदाराने निरोप धाडला, सोमवारपर्यंत पैसे नाही आले तर टेम्पो पाठवतो. मशीन गेलं की शाळेच्या गणवेशांचं काम गेलं, आणि त्या कामावर तर तिचं अख्खं वर्ष निघतं!

शनिवारी मी गेले, तर मावशी मशीनवर चादर घालून शेजारी बसलेली, जणू त्याला ताप आलाय. म्हटलं, आण तो फोन इकडे. कंपनीला लावला, स्पीकरवर टाकला. कितीतरी वेळ नुसतं संगीत. मावशीची एका शर्टाची काजं करून झाली, तेव्हा कुठे एक मुलगी बोलली. गोड आवाज, पण पढवलेला पोपट.

"आधी ओळख पटवून घेते, मॅडम. आपली उंची?"

"पाच फूट एक इंच."

"आणि अर्ज करतानाचं वजन?"

"बेचाळीस."

"बरोबर आहे, धन्यवाद."

मी चाटच पडले! फोनवर हात ठेवून म्हटलं, "मावशी, बेचाळीस काय?"

"कंबर."

"अगं, तिने वजन विचारलं!"

"मग? जाडी विचारली तर कंबरच सांगणार ना. अर्जातही तेच भरलं होतं. किलोत मोजायला मी काय कांद्याचं पोतं आहे?"

काकांना असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

तिकडे पोपट चालूच. "मॅडम, एकदा पाठवलेलं औषध परत घेत नाही, पैसेही मिळत नाहीत. आमचे डॉक्टर प्रत्येकाची माहिती स्वतः तपासून मगच..."

"एक मिनिट!" मी ओरडलेच. "तपासतात? मग बेचाळीस किलोच्या बाईला बारीक व्हायचं औषध कुठल्या डॉक्टरांनी दिलं? तीन-तीनदा? नाव सांगा त्यांचं."

एकदम तिचे साहेबच लाइनवर. आधी म्हणे, ग्राहकाने चुकीचं भरलं. मी म्हटलं, भरलंच चुकीचं, मग तुमच्या डॉक्टरांनी तपासलं काय? त्यावर साहेबांचा आवाज जो मऊ झाला! योजना बंद करतो, सगळे पैसे परत करतो, फक्त पाच-सात दिवस द्या.

मावशीने फोन ओढून घेतला. "सोमवार सकाळ. नाहीतर त्या डॉक्टरांना घेऊन या इथे, मी घेते त्यांचं माप!"

आले गं पैसे! सोमवारी चहा होतोय तोवर मेसेज. मावशीने लगेच हप्ता भरला, चादर ओढून काढली आणि मशीन असं पळवलं की काका म्हणाले, टेम्पो आला असता तरी ऐकू आला नसता.

पण खरी गंमत शनिवारचीच. साहेब गेल्यावर फोन पुन्हा त्या मुलीकडे आला, तक्रार मिटली हे नोंदवायला. नोंदवून झालं तरी ती ठेवेना. मग अगदी हळू आवाजात, पोपटपंची सोडून म्हणाली, "मावशी, मघाशी माप घेते म्हणालात, तुम्ही शिवता का? माझ्या बहिणीचं लग्न आहे, आणि माझा ड्रेस कमरेत बसतच नाहीये."

"मग तू ते तुमचंच इंजेक्शन का घेत नाहीस गं?"

"छे! वेडी आहे का मी?"

मावशी इतकी हसली की काजं केलेला शर्ट खाली पडला. म्हणाली, "दे पाठवून ड्रेस. शिवणीत कापड असेल तर सोडून देते. आणि कंबर किती ते चिठ्ठीवर लिही. वजन नको."