उशाशी कात्र्यांचा डबा

शिवणाच्या त्या कारखान्यात जेवणं आटोपली की मालकीणबाई, म्हणजे काकू, सगळ्यांच्या कात्र्या गोळा करायच्या. पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या, डबा उशाशी घ्यायच्या आणि फर्मावायच्या, "आडवं व्हा." मग सगळ्या जणी कापडाच्या गठ्ठ्यांवर डोकं टेकून खुशाल झोपायच्या. भरदिवसा!

नुकत्याच आलेल्या मुलीला, सगळ्यांच्या नवीला, हे काही केल्या पचेना. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर रस्ता मोकळा, या बोलीवर ती आलेली. अशा वेळी हात चालवून दाखवायचा की लोळत पडायचं?

"कात्र्या कशाला हो काढून घेतात?" तिनं काजंबटणं करणाऱ्या मावशीला विचारलं.

"कात्री हाताशी असली की बाई म्हणते, एवढा दोरा तोडते नि झोपते. आणि दोरे काही संपत नाहीत. मागं पेंगता पेंगता माझ्या बोटात सुई आरपार गेली, तेव्हापासून हा डबा." एवढं बोलून मावशी घोरायलाही लागली.

नवी जात्याच चौकस. एका दुपारी झोपेचं सोंग घेऊन ती एका डोळ्यानं बघत राहिली. बघते तो काय, काकू झोपल्याच नव्हत्या! त्या दारात स्टूल टाकून बसल्या. गिऱ्हाईक आलं की ओठांवर बोट, फोन वाजला न वाजला की त्यावर हात. शेजारच्या सुतारानं हातोडा उचलला, तर त्यालाही जाऊन दटावून आल्या. अधूनमधून त्यांची मान खाली पडायची आणि दचकून वर यायची. आपण सोंग घेतोय आणि या आपल्या झोपेची राखण करतायत, हे कळल्यावर नवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी काकूंनी कापलेला एक सदरा नवीकडे शिवायला आला. छापील कापड, उलटं लावायची सोय नाही, आणि दोन्ही बाह्या डाव्या! कापायच्या टेबलाला काकूंखेरीज कुणी हात लावत नसे. बोलावं तर नोकरीवर पाणी. गप्प बसावं तर तीच मान उद्या पुन्हा पेंगणार.

"काकू, दोन्ही डाव्याच आल्यात."

मशीनं थांबली. मावशीनं डोळे वटारले. काकूंनी बाह्या उलटसुलट करून पाहिल्या. "चांगलं कापड होतं गं," एवढंच म्हणाल्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी डबा समोर आला तेव्हा नवीनं आपली कात्री टाकली आणि डबा धरूनच ठेवला.

"काय गं?"

"तुमची राहिली."

"मी काय, बसूनच तर असते."

"तेच बघितलंय मी."

"कायम व्हायच्या आधीच हुकूम सोडायला लागली की ही!" काकू म्हणाल्या. पण हसल्या. मग दांड्याला चिंधी गुंडाळलेली आपली जड कात्री त्यांनी जराशी हातात तोलली आणि डब्यात ठेवली.

नवी स्टुलावर जाऊन बसली. थोड्या वेळानं सदऱ्याचा मालकच दारात हजर.

"झाला का?"

"नाही. बाह्या पुन्हा कापायच्यात. हळू बोला, कापणाऱ्या झोपल्यात."

आतून दणदणीत घोरणं ऐकू आलं. गृहस्थ वाद घालायला आले होते, पण पायरीवर टेकले आणि बसल्या बसल्या त्यांनाही डुलकी लागली.

काकू उठल्या तेव्हा गालावर शिवणीची खूण उमटली होती. "उद्या दारात मावशी," त्या डोळे चोळत नवीला म्हणाल्या. "तू आत झोपायचंस. आणि खरं झोपायचं. इथं कायम राहायचंय ना तुला?"