पंधरा तारखेची गाडी

नेनादने तीनदा फोन केला होता. "मावशी, मी इथून तिकिटं काढतो आणि तुझ्या फोनवर पाठवतो. पाच मिनिटांचं काम आहे." तिन्ही वेळा यागोदाने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि तिन्ही वेळा रादोस्लावने भाच्याला एकच ऐकवलं, "तू ट्रक चालवतोस ना? मग ट्रक चालव. रेल्वेचं मला शिकवू नकोस."

सर्बियातल्या लापोवो जंक्शनवर रादोस्लावने छत्तीस वर्षं गाड्या सोडल्या होत्या. लाल टोपी, इस्त्रीचा कोट आणि ताठ मान. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी मान काही वाकली नव्हती. सूप चार मिनिटं उशिरा टेबलावर आलं तर तो बोलायचा काही नाही, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. त्या बघण्यानेच यागोदाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण चार मिनिटांवरून कुणी भांडत नाही, म्हणून ती गप्प बसायची. अशी गप्प बसता बसता ती एकोणसत्तर वर्षांची झाली होती.

या वेळी मात्र प्रश्न सुपाचा नव्हता. तिची सख्खी थोरली बहीण रूझा जर्मनीत उल्मला होती आणि शुक्रवारी सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. गुरुवारी दुपारी बारा वाजता ती इस्पितळात दाखल होणार, आणि त्यानंतर कुणाला भेटू देणार नव्हते. चौऱ्याहत्तरावं वर्ष, त्यात साखर. डॉक्टरांनी तिच्या मुलाला, नेनादला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि मुलगा आईपासून काही लपवू शकत नसे. रूझा फोनवर म्हणाली, "गुरुवारी सकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात बसून कॉफी पी. एकदा तुला तिथे बसलेली बघू दे. मग पुढे काय व्हायचं ते होवो."

जर्मनीला जायचं तर अख्खा गाव वितोमिरच्या व्हॅनने जातो. तो दारातून उचलतो आणि दारात सोडतो. पण रादोस्लावला ते नाव काढलेलं चालत नसे. "डब्यातल्या सार्डिन माशांसारखं कोंबून घेऊन जातो तो. रेल्वेचा माणूस मी, व्हॅनमध्ये बसू?" आता लापोवोहून परदेशी गाडी सुटत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणून त्याने कागदावर पट्टी धरून आखलं: बुधवारी सकाळी बेलग्रेडहून बस, रात्री साडेनऊला स्लोव्हेनियात ल्युब्ल्याना, तिथे बारा वाजून चौदा मिनिटांनी झाग्रेबहून येणारी रात्रीची गाडी, गुरुवारी सकाळी आठला उल्म. आखणी चोख होती, हे यागोदानेही मान्य केलं.

तिकिटं काढायला तो रविवारी जेवणानंतर बसला. नेनादने दोन वर्षांपूर्वी दिलेला टॅब, जाड भिंगाचा चष्मा आणि शेजारी बँकेचं कार्ड. यागोदा समोर बसून भाजलेल्या मिरच्या सोलत होती. ऑक्टोबर होता, अय्वारचे, म्हणजे लाल मिरच्यांच्या चटणीचे दिवस. रूझासाठी चार बरण्या न्यायच्या होत्या.

पहिल्या खेपेला त्या साइटला त्यांच्या गावाचा पिनकोड पसंत पडला नाही, एक आकडा कमी आहे म्हणे. दुसऱ्या खेपेला सगळं भरून झालं आणि बँकेचा आकडा फोनवर येईपर्यंत वेळ संपला. गाडी निवडा, नावं भरा, जन्मतारखा भरा, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"दहा मिनिटं!" रादोस्लावने टेबलावर हात आपटला. "एका गरोदर बाईसाठी मी एक्सप्रेस बारा मिनिटं रोखून धरली होती. आणि ही पाटी मला दहा मिनिटं देते?"

"नेनादला सांगू का?"

"मिरच्या सोल."

तिसऱ्या खेपेला बँकेनेच कार्ड नाकारलं, बाहेरच्या देशात पैसे जाताहेत म्हणून. मग बँकेला फोन, मग फोनवर पंधरा मिनिटं संगीत. चौथ्या खेपेला तारखेपाशी आल्यावर त्याने पंधरावर बोट ठेवलं. यागोदाच्या हातातली मिरची तशीच राहिली.

"रात्री बारानंतर सोळा तारीख लागते ना रे?"

"गाडी झाग्रेबहून कधी निघते? पंधराला संध्याकाळी. गाडी जिथून निघते तिथली तारीख तिला शेवटच्या स्टेशनापर्यंत चिकटते. वाटेत बारा वाजोत नाहीतर तेरा वाजोत. छत्तीस वर्षं नोंदवहीत मी असंच लिहिलंय."

"पण आपण तर सोळाला चढणार."

"तू चढायचं बघ. तारखेचं मी बघतो."

ती गप्प बसली. नंतर तिला स्वतःचा सगळ्यात जास्त राग आला तो याच क्षणाचा. तिला कळत होतं, तिने विचारलंही होतं, आणि तरी ती मिरच्या सोलत बसली.

आकडा वेळेत आला, पैसे गेले, आणि रादोस्लावने खुर्चीला पाठ टेकून, जणू फलाटावरून गाडी रवाना केल्यासारखा मोठा श्वास सोडला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की स्वस्तातलं तिकीट आहे, परत होणार नाही, बदलून मिळणार नाही. ते त्याने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "बदलायचंय कुणाला?"

मंगळवारी संध्याकाळी पाचला दोघं बोयानाच्या दुकानात गेले. बोयाना वह्या-पेनं विकते आणि पानं छापून देते. पन्नाशीची बाई, तोंडाने फटकळ पण मनाने चांगली. तिने तिकीट छापलं, त्यावर नजर टाकली आणि विचारलं, "रादेकाका, तुम्ही अजून इथे कसे? आज रात्रीची गाडी आहे ना?"

"उद्याची," रादोस्लाव म्हणाला.

"पंधरा तारीख, शून्य वाजून चौदा मिनिटं. आज चौदा आहे. म्हणजे सात तासांनी. ल्युब्ल्यानाहून." तिने कागद फिरवून त्याच्यापुढे धरला. "उद्या रात्री तुम्ही तिथे पोचाल तेव्हा ही गाडी जाऊन एक दिवस होत आला असेल."

सात तासांत ल्युब्ल्याना गाठणं विमानालासुद्धा जमलं नसतं, कारण विमान पकडायलाच आधी बेलग्रेडला जायला हवं. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता तरी हा म्हणेल, चुकलं माझं.

"त्यांचं चुकलंय," रादोस्लाव म्हणाला. "ही पंधराची गाडीच नाही. ही चौदाची गाडी आहे. यांना गाडीची तारीख लिहिता येत नाही."

बोयानाने यागोदाकडे पाहिलं आणि सोळा तारीख टाकून बघितली. त्या रात्रीच्या गाडीत एकही जागा नव्हती. बसायची नाही, झोपायची नाही. तिने पुन्हा एकदा बघितलं आणि मान हलवली. छापल्याचे पैसेही घेतले नाहीत.

दोघं घरी आले. यागोदाने दार लावलं, कोट खुंटीला अडकवला आणि मग तिचा बांध फुटला.

"मी विचारलं होतं. याच टेबलाशी विचारलं होतं मी तुला."

"नियमाने मी बरोबर आहे."

"खड्ड्यात गेला तुझा नियम! माझी बहीण परवा दुपारी आत जाणार आहे. ती बाहेर येईल की नाही हे डॉक्टरला माहीत नाही, आणि तू मला नोंदवही सांगतोस?"

"ओरडू नकोस. मी त्यांना फोन लावतो. माणसाशी बोललं की होतं."

त्याने फोन लावला. पलीकडून यंत्र जर्मनमध्ये बोललं, मग इंग्रजीत बोललं, मग एक दाबा, चार दाबा. रादोस्लाव त्या यंत्राला सर्बियनमध्ये समजावू लागला की तो कोण आहे आणि किती वर्षं नोकरी केली आहे. यागोदा ऐकत उभी राहिली, आणि ऐकता ऐकता तिच्या डोक्यात आजची नव्हे, फार जुनी आग पेटली.

कारण त्या गाड्या एके काळी लापोवोहूनच जायच्या. रोज संध्याकाळी म्युनिकची गाडी याच फलाटावर थांबायची. सेहेचाळीस वर्षांपूर्वी रूझा त्याच गाडीत चढली, तेव्हा नवीन नोकरीतल्या रादोस्लावनेच ती गाडी सोडली होती. नंतर वर्षाला एकदा रेल्वेकडून पास यायचा, नवऱ्यालाही आणि बायकोलाही, थेट सरहद्दीपलीकडचा, एक पैसा न देता. रूझा दर पत्रात विचारायची, कधी येतेस? आणि रादोस्लाव दर वर्षी म्हणायचा, यंदा माणसं कमी आहेत, गाड्या कोण सोडणार? पास वाया जायचे. मुलं मोठी झाली, मग युद्ध आलं, मग ती गाडीच बंद झाली. उन्हाळ्यात रूझाच यायची, सामानाने लादलेली, तिच्यासाठी बूट घेऊन. नऊ वर्षं झाली, गुडघ्यांमुळे तीही येईनाशी झाली.

"फोन ठेव," यागोदा म्हणाली.

"थांब, आता माणूस येईल."

"रादे, फोन ठेव. लोकांच्या बायकांना तू छत्तीस वर्षं जर्मनीला पाठवलंस. माझ्या दारातून गाडी जात होती आणि मी एकदाही तिच्यात बसले नाही. पास हातात होता. तुझा कोट इस्त्री करत बसले मी. आता गाडी नाही, पास नाही, तर तिकीट तरी नीट काढायचं होतंस. नाहीतर त्या पोराला काढू द्यायचं होतंस. तेवढंसुद्धा झालं नाही तुझ्याच्याने."

"मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं. निदान माझा विचार केलास असं तरी झालं असतं."

तो टॅब उघडून कंपनीला तक्रार लिहायला बसला. पहिलं वाक्य त्याने मोठ्याने वाचून दाखवलं, गाडीची तारीख म्हणजे तिच्या सुटण्याची तारीख, असं काहीसं. यागोदाने वितोमिरला फोन लावला.

"मावशी, उद्या सकाळी दहाला निघतोय," वितोमिर म्हणाला. "पहाटे उल्म. पण एकच जागा उरलीये."

"ती माझी," ती म्हणाली. नवऱ्याला विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नाही, आणि त्यात काही अवघड नव्हतं हे कळल्यावर तिला आणखीच राग आला.

सकाळी ती उठली तेव्हा रादोस्लाव दाढी करून तयार होता. चांगला शर्ट, चांगला कोट, खिशात पासपोर्ट. त्याने बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत नीट उभ्या लावल्या होत्या. कॉफीही केली होती.

"तू कुठे निघालास?" तिने विचारलं.

"ऐन वेळी कुणी गळतं. नेहमी गळतं कुणीतरी. मला माहीत आहे प्रवाशांचं." मग कपाकडे बघत म्हणाला, "रूझाला मीही बघेन म्हणतो."

चुकलं माझं, हे दोन शब्द असायचे तिथे हे होतं. यागोदाने कॉफी प्यायली. त्या दोन शब्दांसाठी ती कप रिकामा होईपर्यंत थांबली, नंतर बूट घालून होईपर्यंत थांबली, आणि फाटकापर्यंत जाता जाताही थांबली.

"तक्रार पाठवली रात्री," फाटकाशी रादोस्लाव म्हणाला. "बघ, माफी मागतील ते."

व्हॅन आली. वितोमिरने खाली उतरून तिची बॅग मागे नेली, यागोदा बरण्यांची पिशवी धरून त्याच्यामागे गेली. रादोस्लाव फाटकाशीच राहिला, गळ्याशी कोटाचं बटण लावत.

"मावशी, तुमचं नशीब," वितोमिर हलक्या आवाजात म्हणाला. "शेजारच्या चुप्रिया गावचा माणूस आलाच नाही. जागा आहे. काकांना बसवू का?"

यागोदाने वळून पाहिलं. पंचवीस पावलांवर तो उभा होता, व्हॅनच्या खिडक्यांतून किती डोकी दिसतात ते मोजत. तिला त्याची दया आली नाही असं नाही. आली. पण त्या दयेपायीच तर सेहेचाळीस वर्षं गेली होती.

"नको," ती म्हणाली.

"नक्की? कपडे घालून तयार दिसताहेत."

"मी एकटी जाणार आहे. चल."

ती खिडकीशी बसली. शेजारची सीट रिकामी होती आणि फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला ती आता दिसली असावी, कारण त्याने हात वर केला आणि दोन पावलं पुढे आला. वितोमिरने आरशातून यागोदाकडे पाहिलं. ती समोर रस्त्याकडे बघत राहिली. व्हॅन निघाली.

हायवेला लागल्यावर तिने रूझाला फोन केला.

"निघालात दोघं?" रूझाने विचारलं. तिला बोलताना धाप लागत होती.

"मी निघाले. पहाटे पोचते."

"आणि रादे? आजारी आहे का?"

"ठणठणीत आहे. जागाही होती," यागोदा म्हणाली. "मी घेतलं नाही त्याला."

त्यावर रूझाने विचारलं, कॉफी कडू घेतेस की गोड, आणि यागोदाच्या लक्षात आलं की सख्ख्या बहिणीला हे विचारावं लागतंय. तिने "कडू" म्हणून सांगितलं, आणि त्यानंतर बेलग्रेड येईपर्यंत ती रडत होती.